पिशवीच्या पलीकडे: ओटीपोटाचं जुनं दुखणं

मीरा-भाईंदरमध्ये ओटीपोटाचं दुखणं बहुधा कामाच्या आडून बोलतं. मीरा रोडहून चर्चगेटकडे निघालेलीला अंधेरी येईपर्यंत उभं राहवत नाही, खाली सगळं ओढल्यासारखं होतं. भाईंदर पूर्वेला घरी बसून इमिटेशन दागिन्यांचे खडे चिकटवणारीने तासभर मांडी घातली, की माकडहाडापासून जांघेपर्यंत ठणका लागतो. उत्तनच्या बंदरावर मासळीची पाटी उचलताना कुणाला कळ येते. कुणाला पाणी यायच्या वेळी पिंप भरून झालं की आडवंच व्हावं लागतं. पाळी असो वा नसो, दुखणं सोबत असतं. घरात कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: बायकांचं असतंच असं काही ना काही.

बेंबीच्या खाली, ओटीपोटात, जांघेत, कंबरेच्या खालच्या भागात किंवा योनीच्या आसपास जाणवणारं दुखणं सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलं, सतत राहिलं किंवा पुन्हा पुन्हा उलटलं, तर वैद्यकशास्त्र त्याला ओटीपोटाचं जुनाट दुखणं म्हणतं. या प्रकरणात तीन गोष्टी सांगायच्या आहेत. हे दुखणं खरं असतं. ते बहुतेक वेळा एकाच अवयवाचं नसतं. आणि एक गोळी किंवा एक ऑपरेशन यांनी ते सहसा सुटत नसल्यामुळे त्याला लहान लहान उपायांची मोट बांधावी लागते. मोट नीट बांधली तर बहुतेकींचं जगणं पुष्कळ सुसह्य होतं, आणि काहींचं दुखणं जवळजवळ जातंही.

विचारलं तेव्हा कळलं

स्त्रियांच्या या दुखण्याकडे जगाचं लक्ष वेधणारं एक मोठं काम महाराष्ट्रातच झालं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांमध्ये घरोघरच्या स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आपणहून आलेल्या तेवढ्याच बायका मोजायच्या नाहीत, गावातल्या सगळ्यांपर्यंत पोचायचं, हा त्या कामाचा गाभा होता. ६५० स्त्रियांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना प्रजनन अवयवांचा किंवा लैंगिक स्वरूपाचा एक तरी आजार निघाला. सरासरी काढली तर एकेकीला तीनहून अधिक आजार होते. याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार मिळालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ४५ टक्के स्त्रियांनी तर आपली काही तक्रारच नाही असं सांगितलं होतं.

दुसरा अभ्यास गोव्यातला. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,२६२ स्त्रियांना पाळीतल्या दुखण्याविषयी विचारलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत निम्म्याहून अधिक स्त्रियांनी पाळीत दुखतं असं सांगितलं. दर तिघींपैकी एकीचं दुखणं मध्यम ते तीव्र होतं. घरात मारहाण किंवा हिंसा सोसलेल्या स्त्रियांमध्ये ते अधिक आढळलं.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं. आजार असून बाई गप्प राहते, कारण कुणी विचारत नाही आणि सांगून उपयोग होईल असा तिचा अनुभव नसतो. दुसरीकडे, तिच्या दुखण्याला शरीराइतकंच तिचं घर, तिचा ताण, तिची झोप आणि तिच्यावरची सक्तीही खतपाणी घालते. उपचार करणाऱ्याने दोन्हीकडे पाहायला हवं.

ओटीपोटात दुखायला काय काय असतं

ओटीपोट म्हटलं की आपल्याला गर्भपिशवी आठवते. पण हाडांच्या त्या एवढ्याशा कडबोळ्यात पिशवी, अंडाशय, मूत्राशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, शिरांचं जाळं, नसा आणि तळाशी स्नायूंचा जाड पडदा, असं सगळं एकमेकांना खेटून असतं. यांतल्या अनेक अवयवांच्या नसा मणक्यात जवळजवळच्या पातळीवर पोचतात. त्यामुळे दुखतं नेमकं कुठून, हे मेंदूलाही चटकन ओळखता येत नाही. आतड्याचं दुखणं पिशवीचं वाटतं, स्नायूचं दुखणं मूत्राशयाचं वाटतं.

एंडोमेट्रिओसिस हे महत्त्वाचं कारण आहे. पिशवीच्या आतल्या अस्तरासारखी ऊती पिशवीबाहेर, अंडाशयावर, आतड्यावर किंवा पोटाच्या आतल्या आवरणावर रुजते आणि पाळीच्या चक्राबरोबर सुजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या प्रजननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे. पाळीत असह्य दुखणं, संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं, पाळीच्या दिवसांत शौचाला जाताना कळ येणं आणि मूल राहायला अडचण, ही त्याची प्रमुख लक्षणं. आजार किती पसरलाय आणि दुखतं किती, यांचा मेळ बसेलच असं नाही. लहानशा ठिपक्यांनी एखादी अंथरुणाला खिळते, आणि अंडाशयात मोठी गाठ असूनही दुसरीला फारसं जाणवत नाही. हेच अस्तर पिशवीच्या स्नायूच्या भिंतीत शिरलं तर त्याला अॅडेनोमायोसिस म्हणतात. त्यात रक्तस्राव जास्त होतो आणि पिशवी जड वाटते.

बाळंतपण, गर्भपात किंवा लैंगिक संबंधातून वर चढलेला जंतुसंसर्ग वेळेत बरा झाला नाही, तर आतले अवयव एकमेकांना चिकटतात आणि दुखत राहतात. आपल्याकडे क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. फुप्फुसं ठणठणीत असूनही गर्भनलिकांचा किंवा पिशवीच्या अस्तराचा क्षय होऊ शकतो. तो बरा होण्याजोगा आहे, पण आधी तो आठवायला हवा.

मूत्राशयाचं दुखणं ओळखायची खूण अशी: लघवी साठली की दुखतं, करून आलं की थोडा वेळ बरं वाटतं, आणि तपासणीत जंतू सापडत नाहीत. आतड्याच्या दुखण्यात कळेचा शौचाशी संबंध असतो, कधी बद्धकोष्ठ तर कधी पातळ होतं. अनेक बाळंतपणं झालेल्या काहींमध्ये ओटीपोटातल्या शिरा फुगतात. उभं राहिलं की जडपणा वाढतो, आडवं झालं की उतरतो. सिझरच्या टाक्यांत एखादी नस अडकली असेल तर बाई बोटाने नेमकी जागा दाखवते. डॉक्टर ती जागा दाबून धरतात आणि मान उचलायला सांगतात. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं असतं, आतलं नव्हे. त्या जागी भुलीचं इंजेक्शन दिलं तर निदान आणि आराम दोन्ही मिळू शकतात.

आणि सगळ्यांत दुर्लक्षित राहतात ते तळाचे स्नायू. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर. एकाच बाईत यांतली दोन-तीन कारणं एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे.

रुळलेली वाट

पोटात दुर्बीण घालून पाहिलं आणि काहीच सापडलं नाही, असंही पुष्कळदा होतं. जुनाट दुखण्यासाठी केलेल्या अशा तपासण्यांपैकी एकतृतीयांश ते निम्म्यांत डोळ्यांना दिसेल असा आजार आढळत नाही. इथे बाईला सर्वांत मोठी जखम होते, कारण रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात, मग हे मनाचेच खेळ.

तसं नसतं. दुखण्याचा निरोप नसांमधून मणक्यात आणि तिथून मेंदूत जातो. शेतातून रोज ये-जा झाली की जशी वाट रुळते, तशी महिनोन् महिने निरोप जाऊन जाऊन नसांची ही वाटही रुळते. मग थोड्याशा स्पर्शाने, भरलेल्या मूत्राशयाने, साध्या वाताने किंवा अपुऱ्या झोपेनेही दुखणं उमटतं. मूळ जखम भरली तरी नसा जागरूकच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, अशा जुनाट दुखण्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली आहे. म्हणजे कारण सापडो वा न सापडो, दुखण्यावर उपचार मागण्याचा बाईला पूर्ण अधिकार आहे. नसांनी जे शिकलं ते हळूहळू विसरवताही येतं, आणि पुढचे बरेच उपाय त्यासाठीच आहेत.

पिशवी काढण्याआधी

आपल्याकडे ओटीपोटाच्या दुखण्याचा शेवट फार लवकर एका वाक्याशी येतो: पिशवी काढून टाका. सोनोग्राफीत पिशवीला सूज आहे असं आलं, पांढरं जातं, मुलं झाली आहेत, मग ठेवून काय करायचं? वर कॅन्सरची भीती घातली जाते. या विचाराची किंमत बीड जिल्ह्याने मोजली. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. मुकादमाची उचल फेडायची, एक खाडा पडला तरी दंड, फडात ना आडोसा ना पाणी. अशा जगण्यात पाळी आणि दुखणं दोन्ही परवडत नव्हतं, म्हणून पिशवीच गेली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक पिशवी काढण्याला आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत अमलात आणण्याचे आदेश राज्यांना दिले.

पिशवी काढणं काही वेळा योग्यच असतं. तीव्र अॅडेनोमायोसिस, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, कॅन्सर, अशी कारणं असतात. पण दुखणं स्नायूंचं, नसेचं, मूत्राशयाचं किंवा आतड्याचं असेल तर पिशवी गेली तरी ते मागे उरतं. एंडोमेट्रिओसिसही केवळ पिशवी काढल्याने संपतोच असं नाही. सोबत अंडाशयही काढले, आणि तेही चाळिशीच्या आत, तर हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. म्हणून ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर चार प्रश्न विचारावेत. माझं नेमकं निदान काय? ऑपरेशनशिवाय कोणते उपाय करून पाहिले, कोणते बाकी आहेत? अंडाशय ठेवणार की काढणार? ऑपरेशननंतरही दुखणं राहण्याची शक्यता किती? उत्तरं घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला कचरू नये. दुखणं जुनं आहे, त्यात एखादा महिना विचाराला देता येतो.

दवाखान्यात जाताना

पहिल्या भेटीची तयारी घरीच करायची. साध्या वहीत किंवा मोबाइलवर दोन पाळ्यांचा हिशेब ठेवावा: कोणत्या तारखेला दुखलं, शून्य ते दहांत किती, कुठे, पाळीचा कितवा दिवस, लघवी-शौचाशी संबंध होता का, त्या दिवशी काय काम पडलं, झोप किती झाली, कोणती गोळी घेतली आणि तिने उतार पडला का. ही दोन पानं डॉक्टरांना जे सांगतात ते घाईच्या ओपीडीत तोंडी सांगून होत नाही. जुने रिपोर्ट, सिझरचे कागद आणि डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावून न्यावेत.

शहरात महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत. भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, ज्याला सगळे टेंभा रुग्णालय म्हणतात. सुरुवात जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून करावी. गुंता मोठा निघाला तर केईएम, नायर, शीव यांसारख्या मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांचा उपयोग होतो. तिथे स्त्रीरोग, मूत्ररोग, शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी हे विभाग एकाच आवारात असतात आणि एका केस पेपरवर पुढे पाठवता येतं. परळलाच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आणि बालआरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. एंडोमेट्रिओसिसवर देशपातळीवरचं संशोधन तिथून चालतं.

तपासणी करताना डॉक्टरांनी आधी सांगावं, परवानगी घ्यावी, आणि बाई थांबा म्हणाली की थांबावं. आतून तपासणी एका बोटाने, हळुवार, स्नायूही चाचपून व्हायला हवी. सोबत विश्वासातली बाई ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे. सोनोग्राफी उपयोगी आहे, पण तिच्या मर्यादा ओळखाव्यात. नॉर्मल सोनोग्राफीने एंडोमेट्रिओसिस नाही असं सिद्ध होत नाही, कारण वरवरचे ठिपके तिच्यात दिसत नाहीत. उलट रिपोर्टात लिहिलेली लहानशी गाठ किंवा किंचित मोठी पिशवी हेच दुखण्याचं कारण असेल असंही नाही. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार एंडोमेट्रिओसिसचा संशय असेल तर प्रत्येकीला आधी दुर्बिणीच्या ऑपरेशनला सामोरं जावं लागत नाही. लक्षणांवरून औषध सुरू करून पाहता येतं.

औषधं काय करतात

पाळीच्या दुखण्यावर मेफेनामिक अॅसिड, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन अशा गोळ्या चालतात. त्या भरल्या पोटी आणि दुखणं शिगेला पोचण्याआधी घेतल्या तर जास्त काम करतात. पण पर्समध्ये मेफ्टालची पट्टी ठेवून महिन्याचे पंधरा दिवस ती खाणं म्हणजे उपचार नव्हे. जठर आणि मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनामिक अॅसिडबाबत इशाराही दिला: क्वचित काहींमध्ये ताप, अंगभर पुरळ आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर अॅलर्जी येऊ शकते. गोळी सुरू केल्यानंतरच्या आठवड्यांत अशी लक्षणं दिसली तर गोळी थांबवून तातडीने डॉक्टर गाठावेत.

दुखणं पाळीच्या तालावर चालत असेल तर हार्मोनची औषधं मोठा आधार देतात. गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्ट, किंवा कॉपर-टीसारखंच पिशवीत बसवायचं, पण हार्मोन सोडणारं साधन, यांनी पाळी हलकी होते किंवा थांबते, आणि नसांना विसावा मिळतो. औषधाने पाळी थांबली तर घाण आत साठते, ही भीती निराधार आहे. अस्तर वाढतच नाही, तर साठणार काय? मात्र उच्च रक्तदाब, रक्तात गुठळी झाल्याचा इतिहास, दृष्टीसमोर चमक येणारी अर्धशिशी किंवा पस्तिशीनंतर धूम्रपानाची सवय असेल तर ते आधी सांगायलाच हवं, कारण काही गोळ्या अशा वेळी चालत नाहीत. मूल हवं असेल तेव्हा योजना वेगळी आखावी लागते.

जंतुसंसर्गाचा पुरावा नसताना दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिकचा कोर्स करत राहू नये. नसांच्या दुखण्यावरची औषधंही सरसकट देण्यासारखी नाहीत. ब्रिटनमधल्या ३९ रुग्णालयांत ३०६ स्त्रियांवर गॅबापेंटिनची चाचणी झाली. दुर्बिणीत कारण न सापडलेल्या दुखण्यावर ते औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, उलट गुंगी, चक्कर असे त्रास वाढले. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला हा निष्कर्ष आपल्यासाठीही मोलाचा आहे. एखादं औषध ठरावीक आठवड्यांत उपयोगी पडलं नाही, तर ते का चालू ठेवायचं हे विचारावं.

तळाचे स्नायू

पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत पसरलेले हे स्नायू मूत्राशय, पिशवी आणि गुदाशय यांना खालून आधार देतात. दुखायला लागलं की आपण नकळत ते आवळून धरतो. वर्षानुवर्षं आवळलेला स्नायू स्वतःच दुखू लागतो. बसल्यावर टोचणं, लघवीची धार अडखळणं, जोर करूनही शौच न होणं, संबंधाच्या वेळी सुरुवातीलाच दुखणं, ही त्याची लक्षणं. अशा बाईला कुणी स्नायू आवळण्याचे व्यायाम शिकवले तर दुखणं वाढू शकतं. तिने आधी सैल सोडायला शिकायचं असतं.

सुरुवात श्वासाने करता येते. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत, एक हात पोटावर ठेवावा. श्वास घेताना पोट वर येऊ द्यावं आणि त्याच वेळी खालचे स्नायू उघडत आहेत, खाली उतरत आहेत असं जाणवू द्यावं. सोडताना काहीही आवळू नये. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं पुरतात. बालासन, किंवा पाठीवर पडून गुडघे छातीशी घेऊन थोडे फाकवणं, यांनीही आराम मिळतो. कळ येईल इतकं ताणू नये. ओटीपोटाच्या स्नायूंचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे हे शिकता आलं तर उत्तम. त्या बाहेरून आणि परवानगी असेल तर आतूनही स्नायूंतले आखडलेले बिंदू सैल करतात. काही आठवडे ते काही महिने लागतात, पण हा फायदा टिकाऊ असतो.

रोजचा दिवस

जुन्या दुखण्यात बऱ्या दिवसांचा मोह फार महागात पडतो. गौरी-गणपती तोंडावर आहेत, आज बरं वाटतंय, म्हणून एका दिवसात घर धुऊन काढायचं, फराळ करायचा, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. यापेक्षा बऱ्या दिवशीही जमेल त्याच्या थोडं अलीकडेच थांबावं, आणि वाईट दिवशीही पूर्ण आडवं न होता थोडं चालावं. काम वीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत करावं, मध्ये बसण्या-उभं राहण्याची पद्धत बदलावी. खडे चिकटवणारीने मांडीऐवजी स्टूल आणि उंच पाट घेतला, माकडहाडाखाली मऊ उशी ठेवली, आणि दर अर्ध्या तासाने उठली तर फरक पडतो. पिंप भरायला मोठ्या बादलीऐवजी पाइप किंवा दोन लहान बादल्या बऱ्या. पाटी उचलताना श्वास कोंडू नये, सोडत उचलावं.

लोकलचं गणितही उपचारात धरावं. भाईंदरहून सुटणारी गाडी पकडली, किंवा मीरा रोडहून उलट भाईंदरला जाऊन बसून निघालं, तर वेळ थोडा जास्त लागतो, पण तासभर उभं राहणं वाचतं. शक्य असेल तिथे कामाची वेळ अर्धा तास पुढे-मागे करून घ्यावी. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी न पिणं आणि दिवसभर लघवी रोखून धरणं, हे या शहरांतल्या बायकांचं जुनं दुखणं. ‘राइट टू पी’ची मोहीम मुंबईत त्यासाठीच उभी राहिली. मूत्राशय दुखत असेल तर दोन-तीन तासांनी, घड्याळ लावून जावं. पाणी दिवसभरात विभागून प्यावं. चहा, कॉफी, सोड्याने त्रास वाढतो का, ते दोन आठवडे बंद ठेवून पाहावं. बद्धकोष्ठ राहू देऊ नये. इसबगोल, भाज्या, फळं, आणि कमोडवर बसताना पायांखाली छोटं स्टूल, एवढ्याने जोर करणं कमी होतं. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर किंवा कंबरेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवावी, मात्र चटका बसेल इतकी गरम नको.

झोप हे यातलं मोठं औषध. अपुऱ्या झोपेनंतर त्याच नसा जास्त दुखतात. पहाटे पाण्यासाठी उठायची पाळी घरात वाटून घेणं, हाही वैद्यकीय सल्लाच समजावा.

घर आणि मन

संबंधाच्या वेळी दुखतं ही गोष्ट अनेकजणी वर्षानुवर्षं नवऱ्याला सांगत नाहीत. दात आवळून पार पाडतात, आणि तळाचे स्नायू पुढच्या वेळी आधीच आवळून बसतात. दुखत असताना जबरदस्तीने झालेला संबंध दुखणं वाढवतो, हे नवऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवं. काही काळ संबंध थांबवून जवळीक ठेवता येते. पुढे वंगण वापरून, बाईच्या गतीने, तिला सोसेल त्या पद्धतीने सुरुवात करता येते. नवऱ्याने एकदा तिच्यासोबत डॉक्टरांकडे यावं, बाहेर बाकावर बसून न राहता आत येऊन ऐकावं. सासूबाईंना सांगायचं तर त्यांच्याही जुन्या दुखण्याची चौकशी करावी. पुष्कळदा त्यांनीही तेच अंगावर काढलेलं असतं, आणि तिथून साथ मिळू लागते.

मुलीच्या बाबतीत जास्त जागरूक राहावं. पाळीमुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल, साध्या गोळीने उतार पडत नसेल, उलट्या होत असतील, तर लग्न झालं की थांबेल असं सांगून तिला गप्प करू नये. तिला लवकर दाखवलं तर पुढची दहा वर्षं वाचू शकतात.

सततच्या दुखण्याने मन खचतं. चिडचिड, रडू येणं, काहीच नकोसं वाटणं, हे दुखण्याचे परिणाम आहेत आणि त्यांवर उपचार केले की दुखण्याची धारही कमी होते. समुपदेशन घेणं म्हणजे दुखणं खोटं असल्याची कबुली नव्हे. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि डॉक्टरांनाही ते सांगावं. उपचाराची दिशा त्याने बदलते.

थांबू नये अशी लक्षणं

पाळी चुकलेली असताना अचानक तीव्र कळ किंवा घेरी येणं, तापासह ओटीपोट दुखणं, एका बाजूला अचानक पिळवटून दुखून उलट्या होणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. पाळी कायमची गेल्यानंतर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, पोटात गाठ लागणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सतत पोट फुगणं, ही लक्षणं असतील तर आठवड्याच्या आत तपासून घ्यावं.

बरं होणं म्हणजे काय

उपचार सुरू करताना शून्य दुखणं हेच ध्येय धरलं तर निराशा लवकर येते. त्यापेक्षा ध्येयं कामाची ठेवावीत: अंधेरीपर्यंत बसून जाता येणं, महिन्यात एकही दिवस कामाचा न बुडणं, रात्रभर झोप, नवऱ्याशी मोकळेपणाने बोलता येणं. तीन महिन्यांनी वही उघडून पाहावी. चार वाईट दिवसांचे दोन झाले असतील तर वाट बरोबर आहे, आणि झाले नसतील तर योजना बदलायची वेळ आली आहे.

एवढं सगळं बाईने एकटीने करायचं, असं मात्र नाही. गडचिरोलीत दोन गावांत घरोघरी जाऊन जसं विचारलं गेलं, तसं विचारणं शहराच्या आरोग्य केंद्रांतही शक्य आहे. रक्तदाब आणि साखर तपासायला आलेल्या प्रत्येक बाईला आशाताईंनी किंवा परिचारिकेने एक प्रश्न जास्त विचारावा: ओटीपोटात दुखतं का, आणि किती दिवसांपासून? उत्तर सहा महिन्यांच्या पुढचं आलं तर तिला पिशवीच्या ऑपरेशनकडे नव्हे, आधी नीट तपासणीकडे आणि फिजिओथेरपीकडे पाठवावं. या प्रश्नाला यंत्र लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढणाऱ्या बाईसाठी उपचाराची सुरुवात तिथूनच होते.